‘लॅपटॉप लावावा लागेल’ म्हणजे नक्की काय करणार?



गटातून गाडीसाठी कर्ज घेणाऱ्या बायका आता कमी राहिलेल्या नाहीत. डेअरीला दूध घालायचं असतं, बँकसखीला गावोगाव फिरायचं असतं, पशुसखीला वाड्यावस्त्यांवर जायचं असतं, पापड-मसाला बाजाराला न्यायचा असतो. कुणी स्कूटी घेतली, कुणी घरातली मोटारसायकलच शिकून घेतली. गाडी आली की मागोमाग गॅरेजही आलं. आणि गॅरेजमध्ये हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : “ताई, पेट्रोलचं सेटिंग बिघडलंय. लॅपटॉप लावून अपडेट करावं लागेल.”

हे ऐकलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी दोनपैकी एक करतात. मान डोलावून पैसे देतात, नाहीतर “घरी विचारून सांगते” म्हणत परत फिरतात. पैसे दिले तर कशाचे दिले ते कळत नाही. परत फिरलं तर गाडी तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं. म्हणून आज आपण हे ‘लॅपटॉप लावणं’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. त्यासाठी गाडी खोलता यायला हवी असं नाही. जिला गटाचं रजिस्टर वाचता येतं, तिला हेही कळतं.

पेट्रोल मोजणारा कोण?

चूल पेटवताना लाकूड आणि हवा यांचा मेळ लागतो. हवा कमी पडली की धूर होतो, फार झाली की जाळ नुसता भडकतो. गाडीच्या इंजिनचंही तसंच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर निघतो, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी मिसिंग करते, झटके देते आणि इंजिन जास्त तापतं.

पूर्वी हा मेळ कार्बोरेटर घालायचा. त्यात स्क्रू असायचे. मिस्त्री कान लावून, अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करून गाडी लावून द्यायचा. मग १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना धुराचे बी.एस.-६ हे नियम लागू झाले. बी.एस.-४ वरून आपण थेट ६ वर आलो, मधला ५ वगळला. इतका कमी धूर राखायचा तर नुसत्या स्क्रूवर भागण्यासारखं नव्हतं. म्हणून बहुतेक गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. गाडीवर ‘एफ.आय.’ अशी अक्षरं असतात ती याचीच.

यात टाकीच्या आत एक छोटा पंप असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. इंजेक्टर नावाची बारीक तोटी ते पेट्रोल फवारते. ही तोटी किती वेळ उघडी ठेवायची हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ई.सी.यू. म्हणतात. आपल्या साध्या एका सिलिंडरच्या गाडीचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर ही तोटी मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडते आणि मिटते. दरवेळची उघडझाप सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायची. ते माणसाच्या हाताचं काम नाही.

संगणकाच्या पोटातला तक्ता

संगणक हे ठरवतो कसं? त्याच्या आत एक तक्ता भरलेला असतो. आपल्या बचतीच्या रजिस्टरसारखाच समजा. उभ्या रकान्यात इंजिनच्या फेऱ्या, आडव्या ओळीत अ‍ॅक्सिलेटर किती पिळलाय किंवा हवेचा दाब किती आहे ते. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत एक आकडा असतो : तोटी इतका वेळ उघडी ठेव. या तक्त्यालाच मेकॅनिक लोक ‘मॅप’ म्हणतात, आणि गॅरेजमधलं ‘पेट्रोलचं सेटिंग’ म्हणजे हाच तक्ता.

पण संगणक नुसता तक्ता वाचून थांबत नाही. गाडीत ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. इंजिन किती तापलंय, बाहेरची हवा किती गरम आहे, अ‍ॅक्सिलेटर किती पिळलाय, हे ते सांगतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला हे तो बघतो. जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं, कमी उरला म्हणजे पेट्रोल जास्त झालं. त्यानुसार संगणक चालता चालता पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं घटवतो. म्हणजे किरकोळ फरक गाडी स्वतःच सांभाळून घेते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एका वाक्यात तीन वेगळी कामं

आता मुख्य मुद्दा. ‘लॅपटॉप लावणं’ हे एक काम नाही, तीन कामं आहेत. तिन्हींची गरज वेगळी, खर्च वेगळा आणि धोकाही वेगळा. गटाच्या रजिस्टरचंच उदाहरण घेऊ.

पहिलं काम : वाचणं. कुणीतरी रजिस्टर उघडून नोंदी बघितल्या, तसं. सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलखाली एक झाकण असलेला छोटा प्लग असतो. त्याला लॅपटॉप किंवा हातात मावणारं स्कॅनर जोडलं की संगणकाने नोंदवून ठेवलेले बिघाडाचे कोड दिसतात. उदाहरणार्थ, ‘पी ०१२२’ म्हणजे अ‍ॅक्सिलेटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरकडून फार कमी संदेश येतोय. यात गाडीत काहीच बदललं जात नाही, धोका जवळजवळ नाही. मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही विझत नसेल, तर हे काम करून घ्यावंच. काही गाड्यांत तो दिवाच लांब-आखूड मिचकावून कोडचा आकडा सांगतो.

दुसरं काम : कंपनीने दिलेलं भरणं. वरून सुधारित नमुना आला आणि तो आपल्या रजिस्टरला लावला, तसं. कधीकधी गाडी बाजारात आल्यावर कंपनीला कळतं की थंडीत सुरू व्हायला त्रास होतोय किंवा सिग्नलला थांबल्यावर बंद पडतेय. मग कंपनी सुधारलेली फाइल तयार करते आणि अधिकृत सेवा केंद्रातून ती गाडीत भरली जाते. हेच खरं ‘अपडेट’. हे काम चांगलं आहे, पण ज्या मॉडेलसाठी फाइल आली आहे त्यालाच करायचं. कुठलाही भाग बदलल्यावर संगणकाला त्याची ओळख करून देणं, इंजिन उभ्या उभ्या किती फेऱ्या घेईल ते पुन्हा शिकवणं, हेही याच्याच जवळचं काम.

तिसरं काम : दुसऱ्याच कुणीतरी आकडे बदलणं. रजिस्टरमधले आकडे खोडून आपल्या मनाने नवे लिहिले, तसं. याला ‘रीमॅप’ किंवा ‘ट्यूनिंग’ म्हणतात. शर्यतीत गाडी चालवणारे, मोठा आवाजाचा सायलेन्सर बसवणारे हे करून घेतात, कारण सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला की हवेचा हिशोब बदलतो. शर्यतीच्या मैदानावर, जाणकार माणसाने, मोजमापाच्या यंत्रावर गाडी ठेवून केलेलं हे काम आपल्या जागी ठीक. पण डेअरीला जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नसते.

गॅरेजमध्ये ही तिन्ही कामं ‘सेटिंग अपडेट’ या एकाच नावाने सांगितली जातात, आणि गडबड तिथेच होते. आपण कोड वाचायला म्हणून होकार देतो आणि बिलात भलतंच काही येतं.

तिसऱ्या कामाला नाही का म्हणायचं?

पहिलं कारण इंजिनचं. तक्त्यात पेट्रोल कमी केलं तर चार दिवस अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटेल, पण इंजिन जास्त तापेल आणि आतल्या भागांचं आयुष्य कमी होईल. पेट्रोल वाढवलं तर पिकअप वाटेल, पण सायलेन्सरमधलं धूर साफ करणारं जाळीसारखं उपकरण खराब होईल. ते महाग असतं.

दुसरं कारण कायद्याचं. पुण्यातल्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत गाडीच्या नमुन्याची धुराची चाचणी होते, ती कंपनीच्या तक्त्यावर होते. तक्ता बदलला की गाडी त्या मान्य नमुन्याप्रमाणे राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए मध्ये, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘मालकाला’ हा शब्द नीट ऐका. आर.सी.वर आपलं नाव असेल तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल. शिवाय वॉरंटी जाऊ शकते, आणि न कळवलेला बदल विम्याच्या दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो.

‘नव्या पेट्रोलसाठी सेटिंग’ हवं का?

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. हे इथेनॉल आपल्याच उसापासून, तसंच मका आणि तांदळापासून होतं. सन २०२५ मध्ये देशाने हे २० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं. आता “नव्या पेट्रोलसाठी सेटिंग टाकून घ्या” असं कुणी सांगितलं, तर त्यातलं खरं किती ते बघू.

एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणार, हे खरं आहे. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या दुचाकीला २० टक्के इथेनॉलवर ३ ते ४ टक्के फटका बसेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला आहे. लॅपटॉप लावून इथेनॉलमधली ऊर्जा वाढत नाही. हवा-पेट्रोलचा जो थोडा फरक पडतो, तो ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो. कंपनीची स्वतःची फाइल आली असेल तर ती अधिकृत केंद्रात जरूर घ्यावी. बाकी कुणाची घेऊ नये. आपल्या गाडीला हे पेट्रोल चालतं का, ते टाकीजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत बघावं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर मात्र अधूनमधून तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट बसतं का तेही बघावं.

फटका किती बसतोय हे आपलं आपल्याला मोजता येतं. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा, किती लिटर बसलं ते लिहा. मधल्या किलोमीटरला लिटरने भागा. समजा तुमची गाडी ५० चं अ‍ॅव्हरेज द्यायची आणि महिन्याला १,००० किलोमीटर चालते. तेव्हा २० लिटर लागायचं. ४ टक्के घट धरली तर अ‍ॅव्हरेज ४८ होईल आणि २०.८ लिटर लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला जेमतेम ९० रुपये जास्त. पण अ‍ॅव्हरेज ३८ वर आलं असेल तर २६ लिटरच्या वर लागेल, म्हणजे साडेसहाशे रुपयांहून जास्त. मग तो दोष इथेनॉलचा नाही. गाडीत काहीतरी बिघडलंय, ते शोधायला हवं.

लॅपटॉपच्या आधी बघायच्या गोष्टी

तक्ता आपोआप बदलत नाही. सेटिंग ‘आपोआप बिघडलं’ असं सहसा होत नाही. बिघडतात ते आजूबाजूचे भाग. म्हणून आधी हे बघून घ्या.

टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिल्याइतकी आहे का. चाक मोकळं फिरतं का, की ब्रेक घासतोय. चेन सैल किंवा कोरडी आहे का. एअर फिल्टर धुळीने भरलाय का. ऊसतोडीच्या आणि कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांचा तो लवकर भरतो. प्लग काळा पडलाय का. बॅटरी उतरलीय का, कारण बॅटरी कमजोर असली की संगणक आणि पंप दोन्ही नीट चालत नाहीत. उंदराने सीटखालची वायर कुरतडलीय का. गाडी जोराच्या पाण्याने धुताना सेन्सरच्या जोडात पाणी गेलंय का. बाटलीतलं सुटं पेट्रोल टाकलं होतं का.

आणखी एक सवय : कायम रिझर्व्हवर गाडी चालवू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पेट्रोल तळाला गेलं की पंप तापतो.

गाडी जुनी, कार्बोरेटरची असेल तर पेट्रोलचा तक्ताच नाही. तिथे लॅपटॉपचं नाव कुणी काढलं, तर सरळ विचारा की तो जोडणार कुठे.

अपडेट करायचंच ठरलं तर

कंपनीची फाइल भरायची असेल तर शक्यतो समोर उभं राहून बघा. चांगला कारागीर क्रमाने काम करतो. आधी बॅटरी तपासतो. ती साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी, नाहीतर चार्जर लावतो. लॅपटॉपही चार्ज असल्याची खात्री करतो, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मग चावी सुरू करून, पण इंजिन बंद ठेवून, जोडणी करतो. संगणकातला आत्ताच्या फाइलचा नंबर आणि गाडीचा चासी नंबर बघतो. नवी फाइल याच मॉडेलची आहे ना ते ताडून मगच भरायला घेतो.

फाइल भरत असताना चावी फिरवायची नाही, वायर ओढायची नाही, हॉर्न-लाइट लावून बघायची नाही. भरणं अर्धवट राहिलं तर संगणक निकामी होऊ शकतो आणि गाडी जागची हलत नाही. भरून झालं की चावी बंद करून थोडं थांबतात, पुन्हा सुरू करतात, जुने कोड पुसतात आणि एक फेरी मारून बघतात.

कोड पुसण्याबद्दल एक सांगतो. नुसता दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सेन्सरची वायर तुटलेली असताना कोड पुसला तर दिवा आज विझेल, उद्या परवा पुन्हा लागेल. पैसे मात्र गेलेले असतील.

विचारायचे पाच प्रश्न

हे प्रश्न रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

१. लॅपटॉप लावून तुम्ही नुसतं वाचणार, कंपनीची फाइल भरणार, की आकडे बदलणार?
२. कोणता कोड आला? मला कागदावर लिहून द्या किंवा पडद्याचा फोटो काढू द्या.
३. त्या कोडमुळे कोणता भाग तपासला? बदलला असेल तर जुना भाग मला परत द्या.
४. फाइल कोणाची? आधीचा नंबर काय होता, आता काय आहे?
५. वाचायचे किती आणि भरायचे किती, हे वेगवेगळं सांगा. पक्कं बिल द्या. गाडी वॉरंटीत आहे, मग पैसे का?

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. आपल्याला कळतंय म्हटल्यावर उलट मोकळेपणाने सांगतो. जो “तुम्हाला नाही कळणार ताई, दादांना पाठवा” म्हणतो, त्याला सांगा की हप्ता आम्ही भरतो, तेव्हा उत्तरही आम्हालाच द्या. बिल असूनही फसवणूक झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. म्हणूनच बिल घ्यायचं.

गट म्हणूनही आपल्याला काही करता येईल. पुढच्या बैठकीत गाडी असलेल्या प्रत्येकीने महिनाभराचं पेट्रोल आणि किलोमीटर लिहून आणायचं. एकाच मॉडेलच्या दोघी-तिघी असतील तर आकडे शेजारी शेजारी मांडले की कुणाची गाडी खरंच आजारी आहे ते कळेल. गॅरेजची बिलंही एका फायलीत ठेवा. गाडीच्या दुरुस्तीसाठी कुणी अंतर्गत कर्ज मागितलं तर आधी कोड कोणता आला ते विचारा, मग रक्कम ठरवा.

आणि ज्यांच्या मुली दहावी-बारावीला आहेत त्यांना एक सांगणं. स्कॅनर जोडणं, कोड वाचणं, सेन्सर तपासणं या कामाला अंगातल्या ताकदीपेक्षा नीट बघायची आणि क्रमाने जायची सवय जास्त लागते. आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. आपल्या तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये जाऊन चौकशी करा. आपल्यातलीच एखादी मुलगी हे शिकली, तर हे पाच प्रश्न तिला कुणी विचारायच्या आधीच ती उत्तरं देऊन मोकळी होईल.